एक गड, एक भाकरी : वजन उतरवण्याच्या नोंदी

१६ जून २०२५, सोमवार

आज शाळा सुरू झाली आणि हा प्रकल्पही. मुलांना मी दरवर्षी सांगते, वहीत आधी उद्देश लिहा, मग मापं, आणि निरीक्षण ज्या त्या दिवशीच लिहा. चार दिवसांनी आठवून लिहिलेलं निरीक्षण खरं राहत नाही. तोच नियम आता मला.

वजन ७४.६ किलो. उंची १५७ सेंटिमीटर, वय ४२. कंबर ९६ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांची ८० च्या वर गेली की ती धोक्याची धरतात. एप्रिलमध्ये एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) ५.९ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. पायाच्या न भरणाऱ्या जखमेपासून डायलिसिसपर्यंत वडिलांचं सगळं मी जवळून पाहिलं आहे. मला त्या वाटेने जायचं नाही. ऑक्टोबरअखेर ६६ किलो, हे ठरवलं.

कृती : पहाटे साडेचारला उठून साताऱ्याचा अजिंक्यतारा गड, रोज, उपाशीपोटी. आहाराचा तक्ता एका मैत्रिणीने दिलाय, तिचे त्यावर नऊ किलो उतरले. सकाळी लिंबू-मधपाणी आणि पपई, दुपारी एक भाकरी, भाजी, ताक. चारला पाच बदाम. रात्री मुगाचं कढण आणि काकडी. भात बंद, साखर बंद, तूप बंद. चहा दोनदाच. आज महादरवाज्यापर्यंत ५२ मिनिटं लागली, चार वेळा थांबले.

१९ जून, गुरुवार

पाऊस. रस्ता शेवाळलेला, तरी गेले. ४९ मिनिटं.

२३ जून, सोमवार

७२.३! एका आठवड्यात सव्वादोन किलो. घरी सगळ्यांना सांगितलं, मुलाने टाळी दिली.

संध्याकाळी मात्र डोक्यातली विज्ञानाची बाई जागी झाली. सव्वादोन किलो चरबी जायची तर सतरा हजार कॅलरींची तूट हवी, कारण एका किलोला साधारण ७,७०० लागतात. सात दिवसांत एवढी तूट पडणं शक्य नाही. मग गेलं काय? यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, असतं, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून असतं. भाकरी-भात कमी केला की आधी हा साठा उपसला जातो आणि त्याचं पाणी उतरतं. काट्यावर जे कमी दिसतंय त्यात निम्म्याहून जास्त ते आहे. लिहून ठेवते, कारण पुढच्या आठवड्यात काटा हळू सरकला की मन खचेल.

२७ जून, शुक्रवार

४७ मिनिटं. वेळ कमी होतोय, पण उतरताना गुडघे थरथरतात. ते आधी नव्हतं.

आई वारीत आहे, लोणंदहून फोन होता. तिचा आवाज माझ्यापेक्षा ताजा.

१ जुलै, मंगळवार

आठवी ब वर तिसरा तास. गुरुत्वाकर्षण शिकवताना मध्येच खुर्चीत बसले. मी वर्गात बसून शिकवत नाही, अठरा वर्षांत बसलेले नाही. मुलं गप्प झाली. पहिल्या बाकावरच्या मुलीने न सांगता पाण्याची बाटली पुढे केली.

काय होतं ते नेमकं लिहायचा प्रयत्न करते. झोप येते तसं हे नाही, चढून आल्यावर पाय भरून येतात तसंही नाही. हातापायांतलं बळ कोणीतरी काढून घेतल्यासारखं वाटतं. जिन्याच्या पंधरा पायऱ्यांना धाप लागते. साडेअकराला हात गार पडतात. चारनंतर कोणी काही विचारलं तर चिडून उत्तर जातं. काल मुलाला गणिताच्या एका चुकीवरून नको ते बोलले आणि रात्री त्याच्या उशाशी जाऊन बसले. तो झोपला होता.

मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, पहिला महिना असाच जातो, मन घट्ट कर. वजन ७१.६.

४ जुलै, शुक्रवार

रात्री सव्वाअकरा वाजता मी बाकरवडीचा व्हिडिओ बघत होते. त्याआधी पुरणपोळीचा. करायचं काहीच नाही, नुसतं बघायचं. तीन रात्री असं झालंय.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

तक्त्यात उपवासाची सोय नाही. साबुदाणा खायचा नाही म्हणून काल रात्रीच्या कढणावर आणि चहावर गड चढायला निघाले. दूरदर्शनचा मनोरा दिसायला लागतो त्या वळणाच्या अलीकडे डोळ्यांपुढे अंधारी आली. कठड्याला धरून खाली बसले, कानांत भरून आल्यासारखा आवाज. रोज येणारे एक आजोबा थांबले. त्यांच्या पिशवीत राजगिऱ्याची वडी होती, ती हातावर ठेवली आणि मी ती खाईपर्यंत ते बाजूला उभे राहिले. मग खालपर्यंत सोबत आले. काही विचारलं नाही.

घरी येऊन झोपले ती दुपारी दोनला उठले. टीव्हीवर पंढरपूर दिसत होतं, त्या गर्दीत कुठेतरी आई.

यापुढे 'मन घट्ट कर' या वहीत लिहायचं नाही. मुलाने तापमापी वाचून ३९ लिहिलं तर मी त्याला मन घट्ट करून ३७ लिही म्हणत नाही. थकवा हेही माप आहे.

९ जुलै, बुधवार

तीन दिवस गडावर गेले नाही. त्याऐवजी हिशोब मांडला, तो सगळा इथे उतरवते.

एक. काही न करता नुसतं पडून राहायला शरीराला किती लागतं? मिफ्लिन यांचं सूत्र बायकांसाठी असं : वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, वजा १६१. माझं येतं १,३२४. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं आणि अंगाची ऊब राखायचा हा रोजचा खर्च. उभं राहून शिकवणं, घरकाम आणि गड धरला तर दीडपट, म्हणजे दोन हजारांच्या आसपास.

दोन. मी खात काय होते? स्वयंपाकघरातला काटा आणि चार दिवसांच्या नोंदी घेऊन बेरीज केली. कधी आठशे साठ, कधी साडेनऊशे. पडून राहायला जे लागतं त्याच्याही सत्तर टक्केच. प्रथिनं दिवसाला २८ ग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम धरली तरी मला ५९ लागतात, आणि वजन उतरवताना स्नायू टिकवायचे तर त्याहून जास्त.

तीन. गडाचा हिशोब मी नववीच्या पद्धतीने केला, आणि याच आकड्याने मला सगळ्यात जास्त हलवलं. फोनच्या मापाने माझी चढाई २५० मीटर. ७१.४ किलो गुणिले ९.८ गुणिले २५०, म्हणजे एक लाख पंचाहत्तर हजार ज्यूल. आहाराच्या कॅलरींत (म्हणजे किलोकॅलरींत) जेमतेम ४२. स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेतला चौथा-पाचवा हिस्साच चढाईला लावतात, बाकीची उष्णता होऊन जाते; म्हणून प्रत्यक्ष खर्च १७० ते २१० कॅलरी. पन्नास-साठ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या एका भाकरीतही तेवढ्याच.

एक गड म्हणजे एक भाकरी. माझी दिवसाची एकुलती एक भाकरी मी पहाटेच गडाला देऊन टाकत होते आणि मग वर्ग, स्वयंपाक, वह्या, मुलगा हे सगळं पपई आणि कढणावर ओढत होते. पाय गळाले त्यात पायांचा दोष नव्हता.

रात्री अजून एक वाचलं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा माणसांत कसं आणायचं, हे शोधायला. त्यांना दिवसाला साधारण दीड हजार कॅलरी मिळत आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालावं लागे. त्यांचं काय झालं? अंग सदा गार, नाडी मंद, कशात रस नाही, बारीकशा गोष्टीवरून चिडचिड, आणि डोक्यात चोवीस तास अन्न. ती तरुण मुलं पाककृतींची पुस्तकं वाचत बसत.

माझ्या बाकरवड्या आठवल्या. ते सडपातळ होते, माझ्याकडे चरबीचा साठा आहे, त्यामुळे तुलना नेमकी नाही. पण मुलाच्या उशाशी बसून मी स्वतःला जे म्हणत होते, की तू वाईट आई आहेस, ते आज खोडते.

१२ जुलै, शनिवार

आई पंढरपूरहून आली. पाय सुजलेले, चेहरा काळवंडलेला, आणि तरी आल्या आल्या भांडी घासायला बसली. अडुसष्ट वर्षं वय. माझ्याकडे बघून पहिलं वाक्य, "आगं, आजारी हाईस का काय?"

सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोटाला न खाता गड चढतीयास व्हय? आमी दिंडीत पाच-सहा कोस चालतो, पर सकाळच्याला न्याहारी केल्याबिगर कुणाचं पाऊल हलत न्हाय. आधी पोटोबा, मग इठोबा. ह्ये काय उगं म्हनत न्हायीत."

वारीत ती काय खाते ते मी खोदून विचारलं. सकाळी चहाबरोबर भाकरी-चटणी किंवा उपीट, दुपारच्या विसाव्याला आमटी-भात, रात्री पिठलं-भाकरी, मध्ये केळी आणि शेंगदाण्याचा लाडू. वजन दीड-दोन किलो उतरतं तिचं दरवर्षी. चालून उतरतं.

मग आईने आणखी एक विचारलं, जे मी वहीत कधी लिहिलंच नव्हतं. "पाळीला लई जातंय का अजून?" हो. दोन वर्षांपासून जास्तच जातंय. "मग डाक्टरला दाव."

१६ जुलै, बुधवार

रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन १०.४ (बायकांचं १२ च्या वर हवं). फेरिटिन ७. थायरॉइड ठीक. बी१२ अगदी खालच्या कडेला.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं ते जसंच्या तसं : फेरिटिन म्हणजे लोहाची कोठी. आधी कोठी रिकामी होते, मग हिमोग्लोबिन उतरतं. कोठी अशी एका महिन्यात रिकामी होत नाही, पाळीतून वर्षभर गळती चालली असणार. उपाशी व्यायामाने ती उघडी पाडली. लोहाशिवाय रक्त स्नायूंना पुरेसा प्राणवायू पोचवू शकत नाही, म्हणून पंधरा पायऱ्यांना धाप.

देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाच्या, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आहे. हा आकडा मी मुलींना पोषणाच्या धड्याला दरवर्षी सांगते. सांगताना एकदाही मनात आलं नाही की त्यांतली एक फळ्याजवळ उभी आहे.

लोहाची गोळी एक दिवसाआड, लिंबूपाण्याबरोबर. गोळी आणि चहा यांच्यात दोन तास, जेवण आणि चहा यांच्यात एक. चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाही. बी१२ च्या गोळ्या वेगळ्या. सोनोग्राफी सांगितली. गुळाने भरून निघेल का, असं शेजारच्या काकूंनी विचारलं. गुळात लोह असतं पण एवढी रिकामी कोठी त्याने भरत नाही. अळिवाची खीर आणि लोखंडी कढई जोडीला चालेल, गोळीच्या जागी नाही.

१७ जुलै, गुरुवार

नवा आराखडा. दिवसाला १,५५० कॅलरी, म्हणजे तूट साडेचारशेची. आठवड्याला फार तर चारशे ग्रॅम उतरतील. ऑक्टोबरअखेर ६६ होणार नाही. उद्देशाच्या ओळीतली तारीख खोडली.

उठल्यावर केळं किंवा दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी, मग चालणं. आल्यावर दोन अंडी किंवा मुगाची धिरडी. डब्यात दीड भाकरी, मटकी नाहीतर चवळीची उसळ मोठी वाटी, पालेभाजी, टोमॅटोची लिंबू पिळलेली कोशिंबीर. चारला मूठभर फुटाणे आणि पेरू. रात्री आठच्या आत वरण, अर्धी वाटी भात, भाजी, दही, आणि वरणावर चमचाभर तूप. प्रथिनं ७० ग्रॅमच्या जवळ. झोप साडेदहाला, आतापर्यंत पाच तास झोपत होते, हेही कुठल्या तक्त्यात नव्हतं.

गड बंद. हिमोग्लोबिन अकरावर जाईपर्यंत सपाटीवर तीस मिनिटं, एवढंच. शाळेतले खेळाचे सर म्हणाले, "मॅडम, चालण्याच्या जोडीला खुर्चीवरून उठाबशा करा, दहाच्या तीन फेऱ्या. नुसतं चालून आणि कमी खाऊन स्नायू झिजतात." आठवड्यातून दोनदा करणार.

२१ जुलै, सोमवार

७२.२. वाढलं. ग्लायकोजेन आणि त्याचं पाणी परत भरलं, २३ जूनची नोंद उलटी वाचली की कळतं. तरी पोटात गोळा आला हेही खरं. सोनोग्राफीत काळजीचं काही निघालं नाही. पाळीसाठी गोळ्या दिल्यात.

२४ जुलै, गुरुवार

आज तिसऱ्या तासाला उभी होते. पाचव्यालाही.

२८ जुलै, श्रावणातला पहिला सोमवार

लग्न झाल्यापासून श्रावणी सोमवार करते, संध्याकाळी सोडते. यंदा काय करायचं यावर दोन दिवस विचार केला. उपवास मोडायचा नव्हता. माझ्यासाठी तो आहाराचा भाग नाही, श्रद्धेचा आहे. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिन नाही. खिचडी खाल्ली की दोन तासांनी पुन्हा ग्लानी. म्हणून वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, मोठी वाटी दही, दुपारी दूध आणि राजगिऱ्याची वडी. आज उठाबशा नाहीत. संध्याकाळी मुगाचं वरण आणि भाकरीने सोडला.

अंडी महिनाभर बंद. त्यांच्या जागी पनीर आणि सोयाबीनच्या वड्या. वड्या मुलाला आवडत नाहीत, त्याला वेगळी भाजी करावी लागते. चालेल.

५ ऑगस्ट, मंगळवार

७१.७. गोळीने पोट जड राहतं, शौचाला त्रास होतो. डॉक्टरबाईंनी पाणी आणि भाज्या वाढवायला सांगितल्या, गोळी सोडायची नाही म्हणाल्या.

पण हात गार पडत नाहीत. आणि मागच्या पंधरवड्यात रात्री एकही पाककृती बघितलेली नाही. हे मला आज लिहायला बसल्यावरच लक्षात आलं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

मैदानावर दीड तास उभी. गेल्या महिन्यात हे जमलं नसतं. दोन मुली चक्कर येऊन बसल्या. दोघींना विचारलं, सकाळी काय खाल्लं? काहीच नाही. एकीने हळूच सांगितलं की ती जाड आहे म्हणून महिनाभर रात्रीचं जेवत नाही. तेरा वर्षांची मुलगी. तिच्या आईला उद्या शाळेत बोलावलंय. पुढच्या आठवड्यात आठवी-नववीच्या मुलींचा एक तास मागून घेतलाय, त्यांना गडाचा आणि भाकरीचा हिशोब फळ्यावर करून दाखवणार.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

तास झाला. ज्यूलचा हिशोब मुलींनीच केला, आपापलं वजन फक्त स्वतःच्या वहीत लिहायचं असं आधीच सांगितलं होतं. एकीने विचारलं, "मॅडम, मग भाकरी खाल्ली की गड चढायलाच पाहिजे का?" म्हटलं, नाही गं. तुझं हृदय रात्रभर चालतं, उंची वाढते आहे, पाळी येते, अभ्यास होतो, त्या सगळ्याला भाकरी लागते. गड तर सगळ्यात शेवटी.

हा प्रश्न आला ते बरं झालं. माझ्या मांडणीतून उलटा अर्थही निघू शकतो हे मला सुचलं नव्हतं. पुढच्या वेळी १,३२४ चा आकडा आधी, गड नंतर.

२४ ऑगस्ट, रविवार

मधल्या तपासणीत हिमोग्लोबिन ११.४ आलं, म्हणून आज ठरल्याप्रमाणे परत अजिंक्यतारा. केळं खाऊन. ४६ मिनिटं, एकदा थांबले. ते आजोबा वाटेत भेटले. त्यांच्यासाठी राजगिऱ्याच्या वड्या घेऊन गेले होते. ओळखलं त्यांनी.

२ सप्टेंबर, मंगळवार

गणपती, गौरी. उकडीचे मोदक पाच खाल्ले, पुरणपोळी दोन, घरच्या तुपाबरोबर. मोजलं नाही, लपवलं नाही. आज गौरी गेल्या. ७०.६.

४ सप्टेंबर, गुरुवार

हिमोग्लोबिन १२.२. फेरिटिन २१. गोळ्या अजून तीन महिने, कारण रक्त आधी भरतं, कोठी नंतर. कंबर ९१.

मैत्रिणीचा फोन झाला. तिचे नवातले पाच परत आलेत आणि केस गळतायत. तिला दोष द्यावासा वाटला नाही, तिने चांगल्या मनाने दिलं होतं. डॉक्टरबाईंकडे मीच घेऊन जाते म्हटलं, शनिवारी.

७ सप्टेंबर, रविवार

७०.१. बारा आठवड्यांत साडेचार किलो. पहाटे गड, ४१ मिनिटं, न थांबता. महादरवाज्यात टेकून उभी राहिले तेव्हा दम लागला होता, पण तो दोन मिनिटांत खाली बसला.

आज रात्री खग्रास चंद्रग्रहण. नववीची बावीस मुलं आणि काही पालक शाळेच्या गच्चीवर येणार आहेत. अकराला चंद्र पूर्ण झाकला जाईल, बारा बावीसपर्यंत तसाच. आईचे वेध दुपारपासून, ती खाणार नाही. मला मात्र सात वाजता तिने स्वतः ताट वाढून दिलं. भाकरी, मुगाची उसळ, दही.

रात्री पाऊण वाजता लिहिते आहे. ढग येत-जात होते. एकदा दहा मिनिटं सलग मोकळं झालं आणि तांबडा चंद्र दिसला. बावीस मुलांना एका दुर्बिणीपाशी एकेक करून उभं केलं, उंचीप्रमाणे तिवई खालीवर करत. सव्वातीन तास पायांवर होते. ती पाण्याची बाटली देणारी मुलगी मोठ्या बहिणीबरोबर आली होती. तिने सगळ्यात जास्त वेळ बघितलं, आणि मी तिला हलवलं नाही.